कंबर धरली तर: ऑपरेशनाविना काय करायचं, किती आणि कधी

बडोद्यात कंबर धरायला निमित्तं पुष्कळ. नऊ रात्री अनवाणी गरबा, उत्तरायणात दोन दिवस गच्चीवर मान आणि कंबर मागे टाकून पतंग, खंडेराव मार्केटातून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, मकरपुऱ्याच्या कारखान्यात आठ तास लेथपुढे उभं राहणं. आणि प्रत्यक्षात उसण भरते ती सकाळी बेसिनवर चूळ भरायला वाकल्यावर! मग घरचे विचारतात, एवढ्याशा वाकण्यानं असं कसं झालं? ते शेवटचं वाकणं आठवडाभर साचलेल्या थकव्यावर आणि अपुऱ्या झोपेवर पडलेलं असतं. त्यात सकाळची वेळ. तिचं कारण पुढे येईल.

कंबरदुखीच्या साधारण ९० टक्के रुग्णांत दुखण्याचं नेमकं ठिकाण कुठल्याही तपासणीत बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायू, सांधे, गादी (दोन मणक्यांमधली चकती), अस्थिबंध यांपैकी कोण दुखतंय ते कळत नाही, आणि कळलं नाही म्हणून उपचार अडतही नाहीत. नव्यानं सुरू झालेलं बहुतेक दुखणं सहा आठवड्यांत बरंच उतरतं. या सहा आठवड्यांत टेबलावर झोपून करून घेतलेले उपचार थोडा वेळ आराम देतात. स्वतःच्या पायांवर उभं राहून केलेले उपचार कंबर परत कामाला लावतात. खालचा सगळा क्रम याच अनुभवावर बेतलेला आहे.

आधी दहा मिनिटांची तपासणी

घरच्या घरी उपचार सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करा, की हे साधंच दुखणं आहे. टाचांवर दहा पावलं चाला, मग चवड्यांवर दहा पावलं. एक पाऊल उचललं जात नाही, चालताना चप्पल फरशीवर आपटते किंवा एका पायाच्या चवड्यावर वजन घेता येत नाही, तर नसेवर दाब आहे असं धरा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. अशक्तपणा दिवसागणिक वाढत असेल तर त्याच दिवशी.

नंतर एक प्रश्न लोक लाजून टाळतात, पण विचारायलाच हवा: लघवी नेहमीसारखी होते का? लघवी तुंबली, झाली तरी कळली नाही, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी कपडा लागलेला जाणवत नाही, दोन्ही पायांत एकदम जोर गेला, यांतलं एकही लक्षण असलं तर सकाळची वाट पाहू नका. मणक्याच्या खालच्या टोकाचा नसांचा झुबका दाबला गेलेला असू शकतो. रात्री दोन वाजता असलं तरी एसएसजीसारख्या चोवीस तास चालू असणाऱ्या मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. इथे तासांचा हिशेब असतो, आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हा लेख ऑपरेशनाविना उपचारांचा असला तरी या एका अवस्थेत ऑपरेशनच लवकर व्हायला हवं.

बाकीच्या खुणा जरा हळू बोलतात. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम आणि पडून राहिलं तरी न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग डोक्यात आलाच पाहिजे. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग झालेला असेल तर नव्या कंबरदुखीची तपासणी लगेच. साठी ओलांडलेल्या बाई जमिनीवर जरा जोरात बसल्या आणि त्या क्षणापासून कंबरेत असह्य कळ सुरू झाली, तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांनाही हेच लागू. तरुण मुलगा सकाळी अर्धा तास ताठरलेला राहतो, पहाटे दुखण्यानं जागा होतो, हिंडलाफिरला की मोकळा होतो आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललंय, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञाला दाखवा. आणि कुशीतून जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी स्थिर बसू न देणारी कळ बहुधा मूतखड्याची. कंबर धरलेला माणूस उलट हलायलाच घाबरतो.

रिपोर्ट आणि त्यातले शब्द

वरची एकही खूण नसेल तर पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-रे किंवा एमआरआय लागत नाही. काढला तर त्यात काहीतरी सापडतंच, आणि जे सापडतं त्यानं माणूस खचतो. ३,११० जणांच्या तपासण्या एकत्र करणारा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचेच ते फोटो होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, पन्नाशीत ८० टक्क्यांत, ऐंशीत ९६ टक्क्यांत. गादी फुगलेली विशीतही ३० टक्क्यांत होती. पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टवर ‘झीज’ लिहिलेलं असणं म्हणजे डोक्यावर पांढरे केस असणं.

‘मणक्यात गॅप’ आणि ‘गादी सरकली’ हे दोन शब्द घराघरांत पोचले आहेत. गॅप म्हणजे प्रत्यक्षात दोन मणक्यांमधली जागा थोडी कमी झालेली असते, पोकळी पडलेली नसते. गादीही सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिच्या कडेच्या वलयातून आतला मऊ भाग बाहेर डोकावतो, आणि हा बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच बऱ्याचदा शोषून घेतं. मोठा, पूर्ण बाहेर पडलेला तुकडा छोट्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आक्रसतो, हे वाचून धीर यावा.

पहिले तीन दिवस

उसण भरल्यावर पाठीवर झोपा आणि पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे गुडघे आणि मांड्या दोन्ही काटकोनात येतील. डोक्याखाली पातळ उशी. दहा ते पंधरा मिनिटं. स्नायूंची पकड इथे सैल पडू लागते. हे दिवसातून चार-पाच वेळा. मधल्या वेळात, जागं असताना, दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चालायचं, भिंतीचा आधार घेऊन का होईना. दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणाला खिळून राहिलं की स्नायूंचा जोर उतरतो, सांधे ताठरतात आणि पहिलं पाऊल अधिकच अवघड होतं.

उठण्याची रीत शिकून घ्या, कारण सगळ्यात जास्त किंकाळ्या तिथे निघतात. सरळ पाठीवरून उठून बसू नका. गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवून ओंडक्यासारखं कुशीवर वळा, दोन्ही पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच क्षणी खालच्या हाताच्या कोपरानं आणि वरच्या हाताच्या तळव्यानं धड वर ढकला. पायांचं वजन खाली जाताना धड आपोआप वर येतं. श्वास रोखू नका. जमिनीवर अंथरूण घालत असाल तर एवढे दिवस पलंगावर झोपा. जमिनीवरून उठण्यात कंबरेवर जास्त मेहनत पडते. उकिडवं बसावं लागणारा संडास असेल तर खुर्चीचा कमोड वापरा आणि बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथताना कंबरेवर मोठा दाब येतो.

शेकासाठी रबरी पिशवी दोन-तृतीयांश भरा, तोंड बंद करण्यापूर्वी दाबून हवा काढा, नाहीतर पिशवी फुगून पाठीवर बसत नाही. उकळतं पाणी घालू नका. पिशवीला पंचाची दुहेरी घडी गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मधुमेहानं त्वचेची जाणीव कमी झालेली असेल तर शेक दुसऱ्यानं हात लावून पाहिल्याशिवाय नको, आणि विजेच्या पट्ट्यावर झोपून जाण्याची सवय कोणालाच नको. भाजल्याचं सकाळी कळतं. बर्फानं ज्यांना बरं वाटतं त्यांनी बर्फ लावावा, पण कंबरेला उष्णता अधिक मानवते.

पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेणं, पोराला पाठीवर उभं करणं, कोणी धरून ‘कटकन’ मोडून देणं, हे पहिल्या दिवसांत मुळीच नको. पाठीचे आखडलेले स्नायू धक्क्याला उलट आणखी आवळून उत्तर देतात. ठिसूळ हाडांच्या म्हाताऱ्या माणसाचं तर यात हाडच मोडू शकतं.

गोळ्या

वेदनाशामकाचं काम तुम्हाला हालचाल करण्याजोगं करणं एवढंच. गोळी घेऊन झोपून राहिलं तर गोळी वाया गेली. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पोटात अन्न असताना, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, पाच ते सात दिवस, एवढं धडधाकट माणसाला बहुधा पुरतं. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ही तिसरी गोळी मूत्रपिंडाला जड जाते. पाणी कमी प्यायलेलं असताना विशेष. पावसाळ्यात कंबरदुखीबरोबर ताप असेल तर डेंग्यूची शंका मिटेपर्यंत या गोळ्या टाळा, रक्तस्रावाची भीती असते. मेडिकलवाला पुड्यांत बांधून देतो त्या चार गोळ्यांत एकाच जातीची दोन वेदनाशामकं निघू शकतात आणि कधी स्टेरॉइडही, म्हणून पाकीट आणि नाव पाहिल्याशिवाय काहीही गिळू नका.

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे, पण २०१४ साली दीड हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या ऑस्ट्रेलियन चाचणीत कंबर बरी व्हायला लागणारे दिवस त्यानं कमी झाले नाहीत. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या दोन-तीन रात्रींपुरत्या उपयोगी, पण त्यांची गुंगी सकाळीही राहते. त्या दिवसांत स्कूटर चालवू नका. डायक्लोफेनॅकचं मलम दिवसातून तीनदा लावणं साठीपुढच्या माणसाला गोळीपेक्षा सुरक्षित. बी-१२ ची इंजेक्शनं कंबरदुखीचं औषध म्हणून टोचून घेऊ नका. शाकाहारी घरात ही कमतरता पुष्कळ असते, म्हणून रक्त तपासा आणि कमी निघालं तर जरूर घ्या, पण ते उपचार कमतरतेचे.

व्यायाम: कोणता, कसा, किती

चौथ्या दिवसापासून, किंवा पाय ओढत का होईना पण घरात फिरता येऊ लागलं की, व्यायाम सुरू. त्याआधी कंबरेला कोणती दिशा मानवते ते शोधा. पोटावर दोन मिनिटं पडून राहा. मग कोपरांवर टेकून छाती उचला, दोन मिनिटं. मग तळवे टेकवून, कंबर जमिनीलगत सैल सोडून, भुजंगासनासारखे हात सरळ करत दहा वेळा वर-खाली. आता पाहा: पोटरीपर्यंत जाणारी कळ मांडीत आली, मांडीतली नितंबात आली, तर कंबर जरा जास्त दुखत असूनही ही चांगली खूण आहे. दुखणं मध्याकडे गोळा होतंय. असं असेल तर हेच दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी करा. उलट कळ खाली पावलाकडे सरकली तर लगेच थांबा. साठीपुढच्या काही जणांना पाच-दहा मिनिटं चाललं की पाय जड होतात, आणि हातगाडीवर किंवा कठड्यावर पुढे झुकलं की बरं वाटतं. त्यांचा मणक्यातला मार्ग अरुंद झालेला असतो. त्यांना मागे वाकणं सोसत नाही. त्यांनी पाठीवर झोपून एकेक गुडघा छातीशी आणावा आणि चालण्याऐवजी सायकल धरावी.

यानंतर रोजचे तीन व्यायाम. कॅनडातले पाठीचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी ही त्रयी लोकप्रिय केली. कंबर फार न वाकवता तिच्या भोवतालचे स्नायू कामाला लावायचे, हा त्यामागचा विचार.

पहिला: पाठीवर झोपा, एक गुडघा दुमडलेला, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळवे कंबरेच्या खोलगट भागाखाली, म्हणजे तो खोलगटपणा तसाच राहील. आता डोकं आणि खांदे फक्त दोन-तीन सेंटिमीटर उचला. हनुवटी छातीला लावू नका, मान धडाबरोबर एकसंध. आठ ते दहा सेकंद, श्वास चालू. बहुतेक जण इथे पूर्ण उठून बसायला जातात, तिथेच घोळ होतो. पूर्ण उठण्यात गादीवर नको तेवढा दाब येतो.

दुसरा: कुशीवर, कोपर बरोबर खांद्याखाली, गुडघे काटकोनात दुमडलेले. कोपर आणि गुडघ्यावर वजन घेऊन कंबर जमिनीपासून वर, कान-खांदा-कंबर-गुडघा एका रेषेत. कंबर मागे पडली किंवा छाती पुढे झुकली तर काम खांद्यावर येतं. खांदा दुखत असेल त्यानं भिंतीला कोपर टेकून उभ्यानं करावा.

तिसरा: घोड्यासारखं हातापायांवर या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही जमिनीशी समांतर, त्याहून वर नाही. कंबरेच्या खळग्यात पाण्यानं अर्धी भरलेली स्टीलची वाटी खरोखरच ठेवून पाहा. पाय उचलताना वाटी कलंडली तर नितंब वळलाय असं समजा; पाय थोडा खाली घ्या. पाणी न सांडता दहा सेकंद जमलं की हात-पाय बदला, आणि मधे हातानं जमिनीवरून पुसल्यासारखं करून पुन्हा.

प्रत्येक व्यायामाचे तीन फेरे: पहिल्यात सहा वेळा, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात दोन. उतरत्या क्रमामुळे थकून ढंग बिघडत नाही. जोर वाढला की दहा सेकंदांऐवजी तीस सेकंद धरू नका; वेळा वाढवा. एवढ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. जोडीला पाठीवर झोपून गुडघे दुमडून नितंब उचलणं, दहा-दहाचे दोन फेरे, आणि सुरुवातीला मांजरासारखी पाठ हळू वर-खाली करणं, सहा-सात वेळा.

आता सकाळची गोष्ट. रात्रभर पडून राहिल्यावर गाद्या पाणी शोषून टच्च फुगलेल्या असतात. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो तो यामुळेच. फुगलेली गादी वाकताना जास्त ताणली जाते. म्हणून उठल्यानंतरचा पहिला तास पुढे वाकण्याचे व्यायाम, सूर्यनमस्कार, बुटांच्या नाड्यांसाठी ओणवं होणं, सगळं पुढे ढकला. बेसिनवर एक हात कडेला टेका, एक पाऊल मागे घ्या, गुडघे किंचित दुमडा आणि चूळ भरा. फक्त सकाळचं वाकणं टाळून जुनं दुखणं हलकं झाल्याचं संशोधनात दिसलेलं आहे, आणि याला पैसे लागत नाहीत.

चालणं हे या सगळ्यातलं स्वस्त आणि भारी औषध. २०२४ साली ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनानं हळूहळू चालणं वाढवत आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटांवर नेलं. त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत २०८ दिवस गेले; असा कार्यक्रम न दिलेल्या गटात ११२. कमाटी बागेत पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते, त्यात सामील व्हा. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत पाच मिनिटं वाढवा, एका दमात तीस होईपर्यंत. हात झुलू द्या, मोबाइल खिशात. सपाता घालून नको. टाच धरून ठेवणारे बूट हवेत.

किती दुखलेलं चालेल? शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर व्यायाम करताना तीन-चारपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते मूळ पातळीवर उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर व्यायाम बंद नका करू, मात्रा निम्मी करा. इथेच बहुतेकांचं बिनसतं. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं, कपाटं आवरणं, माळा झाडणं; मग चार दिवस अंथरूण. मग ‘व्यायाम मला मानवत नाही’. दुखण्याच्या आणि बऱ्या दिवशी मात्रा साधारण सारखीच ठेवली की हा झोका थांबतो.

जुम्मादादा व्यायाममंदिराचा आणि प्रा. माणिकरावांचा वारसा सांगणाऱ्या या शहरात जोर-बैठका सोडा म्हणणं कोणालाच रुचणार नाही, आणि तसं म्हणायचंही नाही. फक्त क्रम पाळा: वरची त्रयी तीन आठवडे, मग बैठका, त्यानंतर साधे जोर, शेवटी सूर्यनमस्कार, रोज तीनपासून सुरू करून.

पायात उतरणारी कळ

सायटिकेत कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो. नितंबातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत वीज उतरते, शिंकलं-खोकलं की झणझणते. याला साध्या उसणेपेक्षा वेळ जास्त लागतो, सहा ते बारा आठवडे धरा. बसणं कमी करा, एका वेळी वीस मिनिटं पुरे. पायाचा अंगठा धरून मांडीचे मागचे स्नायू ताणू नका; ताण स्नायूला वाटतो, पण ओढली जाते चिडलेली नस. प्रीगाबालिन सायटिकेला सर्रास लिहून दिलं जातं, मात्र २०१७ सालच्या चाचणीत ते नुसत्या साखरगोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. तुम्ही घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून उतरवा. कळ सोसवेनाशी असेल तर मणक्याशेजारी देण्याचं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे पाय हलका करतं, तेवढ्या वेळात व्यायाम साधता येतो. निव्वळ कंबर दुखत असेल तर या इंजेक्शनाचा उपयोग नाही. मधुमेही माणसाची साखर त्यानंतर काही दिवस चढते, रोज मोजा.

यंत्रं, पट्टा, मालिश

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीच्या ऑपरेशनाविना उपचारांची मार्गदर्शिका काढली. त्यात ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स (त्वचेवरून सौम्य वीज देणारं यंत्र) आणि कंबरपट्टा नेहमीच्या उपचारांत नको, असं म्हटलं आहे. व्यायाम, समजावून सांगणं, मालिश, प्रशिक्षित हातांनी केलेलं मणक्याचं मोबिलायझेशन, सुईचे उपचार आणि मनाशी संबंधित उपचार यांना जागा दिली आहे. म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेल्यावर दहा बैठकांचं पॅकेज घेण्यापूर्वी एवढंच विचारा: यातला किती वेळ मशीनवर आणि किती वेळ मला व्यायाम शिकवण्यात जाणार? एसएसजी रुग्णालयाच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. खासगी पॅकेज परवडत नसेल तर तिथे विचारा.

पट्टा बसच्या लांब प्रवासात दोन तास बांधा, उतरल्यावर सोडा. कटिबस्तीत उडदाच्या कणकेच्या कड्यात कोमट तेल धरतात. ऊब आणि निवांतपणा मिळतो, स्नायू सैल होतात, तेवढ्यासाठी ती छान. बाहेर आलेली गादी तेलानं आत जात नाही, त्यामुळे त्या आशेनं महागडा कोर्स घेऊ नका.

घर आणि स्कूटर

स्कूटर चालवताना होतो त्याहून जास्त घात ती डबल स्टँडवर चढवताना होतो. लोक पाठीनं ओढतात. रीत अशी: डावा हात हँडलवर, उजवा मागच्या पकडीवर, उजवं पाऊल स्टँडच्या टोकावर, आणि सगळं वजन त्या पावलावर उभं राहून टाकायचं. स्कूटर वजनानं स्वतः मागे चढते, हात फक्त तोल धरतात. पहिले चार आठवडे साइड स्टँडच लावा. खड्डा दिसला की पावलांवर जोर देऊन बैठक किंचित उचला, धक्का गुडघ्यांत जिरतो.

भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, टाकीसकट वजन ३० किलोच्या आसपास. तो उचलायचा नाही. थोडा कलवून खालच्या कड्यावर फिरवत न्यायचा. पाण्याचा २० लिटरचा जार छातीशी लावून, दोघांनी. काहीही उचलण्याआधी झाडूचा दांडा पाठीला लावून वाकायचा सराव करा: दांडा डोक्याच्या मागे, खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला, तिन्ही जागी टेकलेला राहिला पाहिजे. गुडघे सैल, नितंब मागे. दांडा सुटला तर कंबर गोल झाली. दहा वेळा, रोज, आठवडाभर. शरीराला मग वळण लागतं.

ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना एक पाय चार-पाच इंचांच्या पाटावर ठेवा, दर काही मिनिटांनी पाय बदला. पूजेला किंवा पंगतीला खाली बसायचं तर नितंबांखाली दुमडलेली सतरंजी घ्या, म्हणजे कंबर मागे गोल होत नाही. फळीवर झोपायचा सल्ला जुना झाला. २००३ साली स्पेनमधल्या ३१३ रुग्णांवरच्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम गादी सरस ठरली. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमधे उशी, पाठीवर झोपत असाल तर गुडघ्यांखाली.

तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर

इतके दिवस रेंगाळलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच जागसूद झालेली असते. जखम भरून आलेली असूनही घंटा वाजत राहते. हे दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नव्हेत, आणि घरच्यांनी तसं म्हणू नये. पण त्यावर झोप, काळजी आणि भीती यांचा अंमल मोठा असतो. सात तास झोप लागेल अशी सोय करा. ज्या हालचालीची भीती बसलीय, समजा जमिनीवरची वस्तू उचलणं, ती आधी स्टुलावरची वस्तू उचलून, मग पाटावरची, मग जमिनीवरची, अशी उतरवत आणा. उदासी दाटली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा कंबरेच्या उपचाराचाच भाग आहे.

ऑपरेशनाचं मत केव्हा घ्यायचं? पायातला जोर कमी होत चालला, किंवा सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही पायातली कळ कामाला बसू देत नाही आणि एमआरआयमध्ये त्याच नसेवर दाब दिसतो, तेव्हा. नुसत्या कंबरदुखीसाठी आणि नुसत्या रिपोर्टवरून ऑपरेशनाची तारीख मिळाली तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय ती पक्की करू नका.

आणि गरबा. गणपती बसले की तयारीला लागा, म्हणजे नवरात्रीपर्यंत जवळजवळ चार आठवडे मिळतात. आधी तीस मिनिटं चालणं सलग जमलं पाहिजे, मग घरी साध्या दोन ताळ्या दहा मिनिटं, दर तिसऱ्या दिवशी पाच मिनिटांनी वाढवत. वाकून गिरकी घेण्याची पावलं आणि दोढियुं हा गरब्याचा प्रकार पहिल्या दोन रात्री नकोत. वाकायचंच तर खुब्यातून, दांडा पाठीला लावून शिकलात तसं. पहिल्या रात्री वीस मिनिटं खेळा, मग दहा मिनिटं बसा, आणि सकाळी कंबर कशी आहे ते पाहून दुसऱ्या रात्रीचा वेळ ठरवा. भरजरी चणियाचोळी शेवटच्या रात्रीसाठी ठेवा. तिचं वजन कंबरेवरच टांगलेलं असतं.